डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती गोष्ट रंगवायचा खेळ) खेळताना एकच जण सगळे निर्णय घेतो. बाकीच्यांना खेळात कसं ओढायचं?

आमच्याही गटात असा एक होता. दार दिसलं की बाकीचे तोंड उघडायच्या आत हा "मी लाथ मारतो" म्हणून मोकळा. चोराचं पात्र घेतलेली मैत्रीण, जिचं कामच कुलपं उघडणं, ती नुसती फासे चाळवत बसायची. गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याने, एक केलं. पुढच्या दारापाशी थेट तिच्याकडे वळून विचारलं, "तुला कडीजवळ बारीक तार दिसतेय. काय करतेस?" टेबल एकदम गप्प. तिने वीस बाजूंचा फासा टाकला, पडला 1, म्हणजे सगळ्यात वाईट! सापळा उडाला, सगळे खड्ड्यात, आणि तिथून निसटायची शक्कलही तिनेच काढली. आजही आठवण निघते ती त्या 1 ची. 20 किती पडले कोण लक्षात ठेवतं?

तेव्हा नाव घेऊन विचारा, आणि त्याच पात्राला जमेल असं काहीतरी समोर ठेवा. लढाईत इनिशिएटिव्हमुळे (फासे टाकून ठरलेल्या क्रमामुळे) प्रत्येकाची पाळी येतेच, गोंधळ होतो तो लढाईबाहेर. तरीही ऐकत नसेल तर खेळ संपल्यावर बाजूला घेऊन बोला. राक्षस अंगावर सोडून त्याला धडा शिकवायला जाऊ नका, त्याला ती मेजवानीच वाटते.