रविवारची गोळी

माई,
आमचं गाव माण तालुक्यात. मी सव्वीस वर्षांची, दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी तीन. धाकटी झाल्यावर आशाताईंनी मला दिवस न राहण्याच्या छायाच्या गोळ्या सुरू करून दिल्या. आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा, आता फक्त दर रविवारी. घरात कुणाला माहीत नाही, यांनाही नाही. पाकीट शिलाई मशीनच्या खणात असतं. सासूबाईंना नातू हवाय. गुरुवारी बाजाराला गेलं की बायका तेच विचारतात. मागे पाळी दहा दिवस पुढे गेली तर सासूबाई नवस बोलून आल्या, आणि पाळी आली तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हे चांगले आहेत, कधी हात उगारला नाही, पण आईपुढे तोंड उघडत नाहीत. श्रावणात मी तापानं फणफणले होते, तेव्हा रात्री उठून यांनी उशाशी तांब्या भरून ठेवला, आज रविवार आहे असं काहीतरी म्हणाले आणि सोप्यात जाऊन झोपले. इतक्या चांगल्या माणसाला मी फसवतेय. कळलं तर संसार मोडेल. गोळी बंद करून तिसरी वेळ बघू का? की यांच्या सहीशिवाय गुपचूप ऑपरेशन करून घेता येतं?
— दोन मुलींची आई

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या तापाच्या रात्रीपाशी थांबले. नवऱ्याचं कौतुक म्हणून तू ती ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस. ‘रविवार आहे असं काहीतरी’! काहीतरी कसं गं? तुमचा बाजार गुरुवारी. श्रावणातला रविवार म्हणून आदित्यराणूबाईची आठवण केली म्हणशील, तर तापलेल्या बायकोला मध्यरात्री उठवून कुणी व्रताची आठवण देत नाही. तुझ्या घरात रविवारला महत्त्व आहे ते एकाच गोष्टीनं, आणि ती गोष्ट शिलाई मशीनच्या खणात आहे. त्यानं पाणी ठेवलं, वार सांगितला आणि तुला अवघडायला नको म्हणून उठून सोप्यात गेला.

त्याला माहीत आहे.

कधी कळलं, कसं कळलं, ते तोच सांगेल. पण त्याला नुसतं पाकीट दिसलेलं नाही. गोळी आठवड्याची आहे, वार कोणता आहे आणि तो चुकवून चालत नाही, इतकं सगळं त्याला ठाऊक आहे. म्हणजे त्यानं त्यावरचं वाचलंय किंवा कुणाला तरी विचारलंय. आणि श्रावणापासून आजवर आईला अवाक्षर बोललेला नाही. तू ज्याला फसवतेयस म्हणून रात्र रात्र जागतेस, तो तुझ्यासाठी पाणी भरून ठेवतोय.

आता रागावते, ऐकून घे. अडीच वर्षं तू या माणसाच्या वतीनं त्याचं उत्तर ठरवून ठेवलंस. एवढ्या मोठ्या पत्रात ‘यांनी मुलगा पाहिजे म्हटलं’ असं एकही वाक्य नाही, मी शोधलं. सासूबाई म्हणाल्या, बाजारातल्या बायका म्हणाल्या. त्यानं काय म्हटलं? तू विचारलंच नाहीस. आईपुढे तो गप्प बसतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते तू पक्कं करून टाकलंस. त्याचाही मला रागच आहे. नवस बोलला गेला तेव्हा आत काही नाही हे त्याला कळत होतं, तरी दोन दिवस सासूचा अबोला तुला सोसू दिला. पण पत्र तू लिहिलंयस, म्हणून बोलणी तू खा.

उपकेंद्रात नर्स म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. शस्त्रक्रियेच्या शिबिराला बायका सतरंजीवर ओळीनं पडलेल्या असायच्या आणि नवरे बाहेर लिंबाखाली. एक गडी चहाची किटली घेऊन खिडकीशी आला. बायको त्याच्यापासून चार हातांवर. मला म्हणतो, “सिस्टर, तिला विचारा की दुखतंय का.” मी म्हटलं, “तूच विचार की, ऐकू येतंय तिला.” त्यानं मान खाली घातली. तिनं तिकडून मला सांगितलं, “नाही म्हणून सांगा त्यांना.” मी मधे उभी राहून त्या दोघांचा निरोप पोचवला. तुमच्याकडेही हेच चालत असणार. ‘जा गं, बाबांना म्हणावं जेवायला वाढलंय.’ मोठी पोर सहा वर्षांची झाली, आतापर्यंत ती निरोप्याचं काम शिकली असेल. चारचौघींत उखाण्यात नाव घेताना तुम्हा पोरींचा आवाज खणखणीत असतो, मी ऐकलाय. तोच आवाज आपल्या खोलीत येत नाही.

हे तुझ्या एकटीचं नाही, हेही सांगते. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 साली. शंभर वर्षं उलटली. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लग्नाच्या बायकांत स्वतःचं ऑपरेशन झालेल्या 37.9 टक्के निघाल्या आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या 0.3 टक्के. पुरुषाचं काम बिनटाक्याचं, दहा-पंधरा मिनिटांचं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुढे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं, एवढंच पथ्य. त्यानं ताकद जात नाही, नांगर धरता येतो. बायकोचं पोट उघडायला सगळे तयार, कारण घरात या विषयावर बोलायची वेळच येत नाही, बोलायचं ते आशाताईनं आणि बाईनं. ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला होता. त्यात आधी नवऱ्यांशी वेगळं बसून बोलले आणि मग नवरा-बायकोला एकत्र बसवलं. नंतर त्या घरांत दोघांचं या विषयावरचं बोलणंही वाढलं आणि साधनं वापरणंही. पुरुषांना कळत नाही असं नाही गं, त्यांना कुणी विचारत नाही.

तुझे प्रश्न. ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही. तुझी संमती पुरते, तांबीलाही आणि ऑपरेशनलाही. तुझा हा हक्क आहे आणि कुणी सही मागितली तर भांडायचं. पण ऑपरेशन कायमचं असतं आणि पोटावरची पट्टी मशीनच्या खणात लपत नाही, म्हणून चोरून करायला मी तुला पाठवणार नाही. गोळी घाबरून बंद करू नकोस. छायात संप्रेरकं नाहीत, आणि तिनं काही बायकांची पाळी पुढे जातेच. सासूबाईंचा नवस त्यातूनच झाला. पंधरा दिवसांच्या वर गेली तर मात्र आशाताईंकडून दिवस राहिलेत का ते बघायची पट्टी घे. एखादा रविवार चुकला तर आठवेल तेव्हा लगेच घे आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांच्या वर उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने आठवड्यातून दोनदा. आणि तिसरी वेळ बघायची तर ती तुम्हा दोघांना मूल हवं असेल तेव्हा. मनावरचं ओझं उतरवायला कुणी पोर जन्माला घालतं का?

त्यानं कधी हात उगारला असता तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. उगारलेला नाही, तू स्वतः लिहिलंयस.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच कर. मुली झोपल्या की पाकीट काढ आणि त्याच्या देखत घेऊन बैस. समजावून सांगायला जाऊ नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. म्हण, “अहो, आज रविवार आहे. पाणी देता का?” तो तांब्या आणील. गोळी घे आणि मग विचार, “तुम्हाला तिसरं हवंय का?” विचारून गप्प राहा. त्याला वेळ लागेल, आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलेलं असेल. मधे तू उत्तर देऊ नकोस.

सासूबाईंना सांगायचं ते त्यानं सांगायचं, त्याची आई आहे. तू त्या वेळी चुलीपाशी भाकरी थापत असलीस तरी चालेल, पण घरात राहा.

आणि रविवारी ते पाकीट परत खणात टाकू नकोस. त्याच्या हातात दे. कुठं ठेवायचं ते त्याला ठरवू दे.

— माई