ओहायो नदीच्या काठावरून क्रॅपी गरवताना

मुख्य धारेत गळ टाकून बसू नका. क्रॅपी हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, त्याला जोराचा प्रवाह आवडत नाही. ओढा नदीला मिळतो ते मुख, संथ बॅकवॉटर, पाण्यात आडवं पडलेलं झाड, अशा जागा काठाने चालत शोधा. वसंतात पाणी साधारण 16 ते 20 अंश सेल्सिअसला आलं की हा मासा अंडी घालायला उथळात येतो. काठावरून गरवणाऱ्याचा खरा हंगाम तोच! तेव्हा लांब फेकण्याआधी जवळच्या फांद्या तपासा.

सामान हलकं हवं: 4 ते 6 पाउंडांचा ताण झेलणारी लाइन (गळाची दोरी), छोटा फ्लोट (तरंगता बोंडा), खाली 1/16 औंसाचा जिग (वजन लावलेला गळ, कृत्रिम आमिषासह) किंवा जिवंत मिनो (छोटा मासा). पण सगळं अडतं ते खोलीवर. क्रॅपी वर बघून खातो. आमिष त्याच्या खाली गेलं तर तो सहसा ढुंकून पाहत नाही. दोन फुटांपासून सुरुवात करा, थोडं थोडं खाली न्या. कधी फ्लोट बुडत नाही, नुसता आडवा होतो. म्हणजे मासा आमिष घेऊन वर आलाय. अशा वेळी हिसका अजिबात नको, त्याचं तोंड कागदासारखं फाटतं. रॉड अलगद उचला, दोरी ताणलेली ठेवून सलग गुंडाळा.

परवाना आणि जिथे गरवणार त्या राज्याची पकडमर्यादा (किती मासे ठेवता येतात) मात्र घरूनच बघून निघा.