राईड शेल्टरच्या दारापर्यंत न्यायची का?

प्रश्न : ताई, आमचा तीसेक बाइकवाल्यांचा ग्रुप आहे. यावेळी राईड काढून महिलांच्या आश्रयगृहासाठी घरगुती सामान गोळा करायचं ठरलंय. शेवटी सगळ्या बाइक शेल्टरच्या दारात न्यायच्या आणि तिथल्या बायका-मुलांबरोबर एक ग्रुप फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या वेळी अजून लोक जोडले जातील. पण दोघं-तिघं म्हणतात फोटो नको. शिवाय जुने कपडे घ्यायचे का, आणि एवढं सामान बाइकवर बांधायचं कसं, तेही सांगा.

उत्तर : राईड नक्की काढा, मला मनापासून आनंद झाला. पण दारापर्यंत जाऊ नका, आणि त्या दोघा-तिघांचं ऐका.

अहो, बऱ्याच शेल्टरचा पत्ता मुद्दाम गुप्त ठेवलेला असतो. जी बाई जीव मुठीत धरून तिथे आलीय तिला तिचा नवरा शोधत असतो, आणि घर सोडल्यानंतरचे दिवसच तिच्यासाठी जास्त धोक्याचे असतात. अशा गल्लीत तीस बाइक एकदम शिरल्या की अख्ख्या वस्तीला कळतं इथे काय आहे ते. फोटोत चेहरे नाही घेतले तरी मागचं गेट दिसतं, फोनमधलं लोकेशन चालू असेल तर ते फोटोतच सेव्ह होतं, आणि कुणीतरी उत्साहात लाइव्ह जातंच.

मी एका शेल्टरमध्ये मदतीला जायचे तेव्हा बाहेर एकदा कुणीतरी बाइक जोरात रेस केली. चार वर्षांची एक मुलगी चित्र काढत होती, ती खडू हातात तसाच धरून टेबलाखाली गेली. तिच्या बाबांकडे बाइक होती. बाइक निघून गेली तरी ती बाहेर येईना, शेवटी तिची आई जमिनीवर आडवी झाली, तिच्या शेजारी सरकली आणि दोघी तशाच पडून राहिल्या. मी स्वतः बाइक चालवते, पण तेव्हापासून माझी बाइक लांब लावून चालत जायचे.

म्हणून राईडचा शेवट संस्थेच्या ऑफिसपाशी किंवा एखाद्या मैदानात करा, ते त्यांची गाडी घेऊन येतील.

सामानाचं म्हणाल तर आधी फोन करून लिस्ट मागा. एरिन पिझी यांनी १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी घर उघडलं, आलेल्या कुणाला परत पाठवायचं नाही म्हणून ते लगेच भरून वाहायला लागलं, आणि जागेची ही अडचण आजही बऱ्याच शेल्टरना आहे. जुन्या कपड्यांची गाठोडी ठेवायची कुठे आणि निवडत कोण बसणार? चादरी, टॉवेल, आतले कपडे, पॅड, डायपर हे सगळं नवं कोरं द्या. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे शेल्टरमधून निघून नव्या खोलीत राहायला जाणारी बाई. तिला पातेली, बादली, पडदे, उशा, सगळंच पहिल्यापासून जमवायचं असतं. तिच्यासाठी चांगलं दणकट कुलूप ठेवाच, पॅकिंग न फोडलेलं, म्हणजे सगळ्या किल्ल्या तिच्याच हातात राहतील. चाकं असलेली बॅगही द्या हो, किती जणी प्लॅस्टिकच्या पिशवीत संसार घेऊन येतात.

आता बांधायचं. जड सामान खाली आणि आपल्या पाठीजवळ, हलकं वर. बाइकच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा दिलेली असते आणि त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, लोडप्रमाणे टायरमधली हवाही त्यातच बघून भरा. सायलेन्सरजवळ प्लॅस्टिक नको, वितळतं. टोकाला हुक असलेल्या रबरी दोरीवर मी तरी भरवसा ठेवत नाही, एका राईडला माझी दोरी सैल झाली आणि टॉवेलचं टोक चेनमध्ये जाता जाता राहिलं, मागच्याने हॉर्न वाजवून थांबवलं म्हणून वाचले. बकलचे पट्टे वापरा, दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबून सगळ्यांचे पट्टे ओढून बघा. मिक्सर, गाद्या असलं काही बाइकवर घेऊच नका, मागून एक टेम्पो ठेवा.

आणि फोटो निघतानाच काढा, बाइकवर उशा-बादल्या बांधलेल्या असतात तेव्हाचा. तो बघूनच पुढच्या वेळी लोक येतील.