दोन गुणांपासून सुरुवात कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

फ्रेंच रग्बीपटू एमे जिरालवरचा तुझा मसुदा वाचला. विषय छान निवडलास. पण पहिल्या परिच्छेदातले खंदक, चिखल आणि तोफांचा गडगडाट आधी काढून टाक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कुठल्याही पोराच्या लेखाला तो परिच्छेद जसाच्या तसा चिकटवता येईल. त्यात जिरालचं म्हणावं असं काहीच नाही.

सुरुवात 3 मे 1914 पासून कर. तुलूझला फ्रेंच रग्बी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, पेर्पिन्याँ विरुद्ध तार्ब. सामना संपत आलाय. तार्बचे 7 गुण, पेर्पिन्याँचे 6. पेर्पिन्याँने नुकताच ट्राय केलाय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवलाय, आणि आता चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारायचं काम अठरा वर्षांच्या फ्लाय-हाफवर, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या जिरालवर आलंय. इथे रेंगाळ. तुझ्या मसुद्यात ही किक अर्ध्या ओळीत उरकली आहे.

आपल्या बहुतेक वाचकांना रग्बी म्हणजे फार तर बॉम्बे जिमखान्याचं मैदान आणि चिखलात लोळणारी माणसं. तेव्हा हिशोब समजावून सांग. त्या काळी ट्रायला 3 गुण होते, त्यानंतरच्या किकला 2. किकची पद्धतही आजची नव्हती. आज किकर चेंडू टीवर, म्हणजे एका छोट्या आधारावर, उभा करतो आणि आरामात दम घेतो. तेव्हा एक सोबती जमिनीवर आडवा होऊन चेंडू हातात धरायचा, आणि त्याने तो टेकवला रे टेकवला की गोलरेषेवरचे प्रतिस्पर्धी अंगावर धावून येऊ शकत. म्हणजे मारणाऱ्याइतकाच धरणाऱ्याचाही कस लागायचा. एवढं सांगितलंस की मग 8–7 हा आकडा आपोआप बोलेल. पेर्पिन्याँचं ते पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद.

बरोबर तीन महिन्यांनी, 3 ऑगस्टला, जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. इथून पुढे तू पाच परिच्छेद खर्च केलेस. मला दोन वाक्यं पुरतील. 22 जुलै 1915 रोजी जिराल फ्रान्समधल्या मार्नच्या भागात मरण पावला, विसावा वाढदिवस महिन्याभराच्या आत असताना. तुलूझला खेळलेल्या त्या पंधरा जणांपैकी सात जण युद्धात मेले. या आकड्याच्या आजूबाजूला एकही विशेषण ठेवू नकोस.

‘शेवटच्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर ती किक आली असेल’, हे वाक्य खोड. तुला कसं कळलं? वाचकाला गहिवरून आणायची घाई दिसते त्यात, बाकी काही नाही. आज पेर्पिन्याँचा संघ ज्या स्टेडियमवर खेळतो त्याला जिरालचं नाव आहे, हे मात्र तू नीट, साधेपणाने लिहिलंस. ते तसंच राहू दे.

तुझ्या मसुद्यात एक गोष्ट मात्र राहूनच गेली आहे, आणि माझ्या मते लेखाचा जीव तिच्यात आहे. युद्धामुळे अजिंक्यपदाची स्पर्धाच थांबली. पुढचा अंतिम सामना झाला तो थेट 1920 साली. म्हणजे सहा वर्षं पेर्पिन्याँ कागदोपत्री विजेता होता आणि विजेत्या संघातली जवळजवळ निम्मी माणसं हयात नव्हती. आणि 1920 चं अजिंक्यपद कोणी जिंकावं? तार्बने. त्याच एका गुणाने हरलेल्या तार्बने. पुढच्या वर्षी पुन्हा पेर्पिन्याँ. या तीन निकालांवर एक सबंध परिच्छेद उभा राहतो. तो लिही.

शब्दमर्यादेची चिंता करू नकोस. खंदक गेले की भरपूर जागा होईल.

आणि हो, विजेत्यांना ‘ब्रेनस चषक’ मिळाला असं दोन ठिकाणी आलंय. तो चषक नाही, ढाल आहे. लाकडी फळीवर पितळी पत्रा, घडवणारा शार्ल ब्रेनस. दोन्हीकडे दुरुस्त कर आणि रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव.

तुझा,
काका