'मोअर टॉलर' आणि आपलं 'पेक्षा'

यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिकाताईंनी विचारलंय, की पोरं 'मोअर टॉलर', 'मोस्ट बिगेस्ट' असंच लिहितात, दहादा खोडलं तरी. हे येतं कुठून?

ताई, हे येतं मराठीतून. आपलं विशेषण तुलनेसाठी जागचं हलत नाही. 'गजू उंच आहे' आणि 'गजू बाल्यापेक्षा उंच आहे', दोन्हीकडे 'उंच' तेच. सगळा भार 'पेक्षा'वर. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'परीस' असतं, 'तो माह्यापरीस मोठा'. त्यामुळे 'टॉल'ला चिकटलेल्या 'अर'मध्ये तुलना आहे हे पोराच्या कानाला जाणवतच नाही. सुटा शब्द हवा म्हणून ते 'मोअर' आणतं.

मी वर्गात पऱ्हाटीच्या तीन काड्या नेते. आधी मराठीत बोलायचं, 'ही काडी तिच्यापेक्षा लांब'. मग 'पेक्षा'च्या जागी 'दॅन'. आपलं 'पेक्षा' नावाच्या नंतर लागतं, 'दॅन' नावाच्या आधी येतं, एवढं दाखवलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे 'लाँग'ला शेपूट लावायचं. शेपूट तरी, नाहीतर 'मोअर' तरी. 'ब्यूटिफुल'सारख्या लांबलचक शब्दाला 'मोअर'.

असं शेपूट मराठीत आलेल्या संस्कृत शब्दांतही आहे, हे मुलांना जरूर सांगा. लसावितला 'ल' म्हणजे लघुतम. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' हेच ते प्रत्यय, 'तरतमभाव' शब्द त्यांच्यावरूनच आला. (लघु अधिक तम, म्हणून 'लघुत्तम' चूक. 'महत्तम'मधला जादा त् 'महत्'चा आहे.) दुसरी जोडी त्याहून गोड. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच जुन्या घरातले. संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' तर मुळापासून शेपटापर्यंत सख्खे. मराठीत आपण तो 'स्वादिष्ट' असा लिहितो, म्हणून नातं दिसत नाही.

आणि दुहेरी रूपं मुलांनीच काढलेली नाहीत. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत उत्तम, तरी यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतम' आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीतही अशी रूपं चालत. आजच्या परीक्षेत ती चालत नाहीत, म्हणून खोडावंच लागेल. फक्त लाल रेघ 'मोअर'वर मारा. पोराचं 'टॉलर' बरोबर आहे.