जुलैत नाहीसं झालेलं झाड

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एप्रिलअखेर ब्लीडिंग हार्टच्या दोन कुंड्या आणून मागच्या मेपलखाली लावल्या. मेभर गुलाबी बदामांच्या माळा लटकत होत्या. जुलैत पानं पिवळी पडली आणि रोज पाणी घालूनही आता तिथे नुसती माती आहे. झाडं गेली का? जूनअखेर पुण्याहून आलेली आई म्हणते, ब्लीडिंग हार्ट म्हणजे वेल, आपल्या गच्चीत आहे. मग हे काय? याचं रोप तिला नेता येईल का?

उत्तर : आधी हातातली झारी खाली ठेवा. झाडं बहुधा झोपली आहेत. ऊन तापलं की हे झाड वरचा पसारा आवरून जमिनीखाली जातं, तो त्याचा स्वभावच आहे. मेपलला पालवी फुटायच्या आत जे ऊन खाली पोचतं, त्यावर त्याचा वर्षाचा संसार चालतो. मीही पहिल्या वर्षी घाबरून ऑगस्टमध्ये खणलं होतं. हाताला जाड, मांसल मुळं लागली आणि खडूसारखी कटकन मोडली. दुसऱ्या वर्षी फूल नाही!

झोपलेल्या मुळांना रोजचं पाणी घालाल तर ती कुजतील. तुमच्याकडची लाल चिकणमाती पाणी सोडत नाही. अगदीच भेगा पडल्या तर आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. जागा विसरू नये म्हणून मी तिथे आइस्क्रीमची काडी खोचते.

मेपल कुठला आहे ते बघा. नॉर्वे मेपल असेल तर त्याची वरवरची मुळं ओल शोषून घेतात. तसं असेल तर सप्टेंबरअखेर, मातीचा गड्डा न फोडता, झाडं खोडापासून लांब हलवा. खड्ड्यात कुजलेल्या पानांचं खत भरपूर घाला, कोंब इंचभरच खाली राहू द्या. एप्रिलमध्ये लालसर कोंब वर आल्यावर दव गोठायची रात्र आली, तर जुनी चादर पांघरा.

उघडी जागा झाकायला सगळे हॉस्टा, म्हणजे सावलीतलं रुंद पानांचं झाड, सुचवतात. हॉस्टा म्हणजे हरणांसाठी वाढलेलं पान! मी ख्रिसमस फर्न लावते. ब्लीडिंग हार्टला हरणं सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाळाभर फुलं हवी असतील तर याचं अमेरिकी भावंड, फ्रिंज्ड ब्लीडिंग हार्ट, आणा. ते बुटकं, फर्नसारख्या पानांचं. ओल मिळाली तर थंडीपर्यंत अधूनमधून फुलत राहतं.

आईंचंही बरोबर आहे. त्यांची वेल क्लेरोडेंड्रम, मूळची पश्चिम आफ्रिकेतली. पांढऱ्या वेष्टनातून लाल फूल डोकावतं, म्हणून तेच नाव. तुमचं झाड अफूच्या कुळातलं, सैबेरिया, चीन, कोरिया, जपानकडचं. 1840च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्युन या झाडं गोळा करणाऱ्या स्कॉटिश माणसाने ते चीनमधून इंग्लंडला नेलं, तिथून बागाबागांत पसरलं. त्याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, ती पुण्यात कुठून आणणार? परवानग्यांची भानगड वेगळीच. नेऊ नका.

घरात कुत्रा असेल तर त्याला ही पानं-मुळं चघळू देऊ नका, विषारी असतात. हलवताना हातमोजे घाला, चिकाने काहींना खाज सुटते. आणि आईंना पुढच्या खेपेस एप्रिलअखेरचं तिकीट काढा, जूनचं नको.