वाचकांचे प्रश्न : ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून भागतं का?

प्रश्न : मागच्या अंकातला अटलांटिक गुलाम-व्यापारावरचा लेख वाचला. मन सुन्न झालं. पण त्या काळी गुलाम बाळगणं सगळ्यांनाच रास्त वाटत होतं ना? मग आजच्या मापाने त्या माणसांना दोष देणं बरोबर आहे का?

उत्तर : इतिहासाच्या वर्गात हा प्रश्न मला नेहमी येतो. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : ‘सगळ्यांना’ म्हणजे कोणाला? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंडली गेली. त्यातली जवळपास १८ लाख वाटेतच मेली. ‘सगळ्यांत’ ही माणसं आपण धरतच नाही.

आता एका बाईची गोष्ट सांगते. एलिझाबेथ की ही व्हर्जिनिया या इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतीत राहायची. आई आफ्रिकन गुलाम, वडील इंग्रज. १६५५ मध्ये ती जिथे कामाला होती तो मालक वारला आणि इस्टेटीच्या हिशेबात तिला गुलाम म्हणून धरलं गेलं. ती कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की, इंग्लंडच्या कायद्याने मुलाला बापाचा दर्जा मिळतो आणि माझा बाप स्वतंत्र होता. शिवाय माझा बाप्तिस्मा झालेला आहे, मी ख्रिस्ती आहे. १६५६ मध्ये ती सुटली.

पुढे काय झालं ते नीट पाहा. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाला आईचाच दर्जा मिळेल. म्हणजे मालकाने गुलाम स्त्रीवर जबरदस्ती केली, तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा! १६६७ मध्ये दुसरा कायदा आला : बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम सुटत नाही. ‘हे लोक ख्रिस्ती नाहीत, म्हणून यांना गुलाम करायला हरकत नाही’ असं तोवर छातीठोकपणे सांगितलं जायचं. ते ख्रिस्ती होऊ लागले तेव्हा कारण बदललं, गुलामी तशीच राहिली. या दोन तारखा वाचल्या की मला अजूनही संताप येतो, कारण या कायदेमंडळातल्या माणसांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.

मग नवी कारणं शोधणं आलंच. बायबलमधल्या नोहाच्या शापाचा दाखला देऊन काळ्या माणसाच्या नशिबी चाकरीच आहे असं सांगितलं गेलं. मूळ कथेत नोहाचा तो शाप त्याच्या कनान या नातवाला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. १८३७ मध्ये जॉन कॅल्हून हा दक्षिण कॅरोलिनाचा सिनेटर अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला की गुलामगिरी हे चक्क हिताचं आहे. १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं, त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं भारदस्त नाव दिलं. तो होऊ नये म्हणून सुचवलेल्या उपायांत चाबकाचे फटकेही होते. जी गोष्ट सगळ्यांना आपोआप रास्त वाटते, तिच्यासाठी एवढा खटाटोप कोण करतं?

आणि मापाचं म्हणाल, तर ते आजचं नाहीच. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चौघा जणांनी आपल्याच क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला लेखी विचारलं होतं : तुम्हाला यांना गुलाम ठेवण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही का? सभेने एकाकडून दुसऱ्याकडे ढकलत तो कागद बाजूला ठेवून दिला.

प्रश्न : ब्रिटनने गुलामगिरी रद्द केली तेव्हा गुलामांना भरपाई किती मिळाली?

उत्तर : काहीच नाही. भरपाई मिळाली ती मालकांना. १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंड मंजूर झाले. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली, म्हणजे सुटलेल्या गुलामांच्या वंशजांपैकी जे ब्रिटनमध्ये कर भरत होते त्यांच्या पैशांतूनही. खुद्द गुलामांपैकी फक्त सहा वर्षांखालची मुलं १ ऑगस्ट १८३४ ला लगेच मोकळी झाली. बहुतेक वसाहतींत बाकीच्यांना ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकांकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी राबावं लागलं. ते १८३८ मध्ये थांबलं.